गळा राखून शिकलेली भूमिका : ऑपेरा-गायकाची तयारी कशी चालते

ऑपेराचा गायक ध्वनिवर्धकाशिवाय गातो. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली, की त्याच्या तयारीतील चमत्कारिक वाटणाऱ्या बऱ्याच सवयींचा उलगडा होतो. त्याच्या आणि प्रेक्षकांच्या मध्ये साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद बसलेला असतो, नाट्यगृहात दीड-दोन हजार माणसे असतात, आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्द व स्वर पोहोचवायला त्याच्याजवळ स्वतःच्या शरीराखेरीज दुसरे साधन नसते. त्यातही प्रत्यक्ष ध्वनी निर्माण करणारे स्वरतंतू जेमतेम एक ते अडीच सेंटीमीटर लांबीचे असतात. वाद्यवृंद ज्या ‘ए’ स्वरावर वाद्ये जुळवतो तोच स्वर एखादी गायिका लावते, तेव्हा तिचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे ४४० वेळा एकमेकांना भिडत असतात. असा नाजूक अवयव दिवसभर राबवता येत नाही. पियानोवादक एखादा अवघड तुकडा पाच-सहा तास घोटू शकतो. गायकाने तसे केले तर दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ वाद्यच उरत नाही. म्हणून भूमिका शिकण्याचे जास्तीत जास्त काम गळ्याला न शिवता कसे उरकायचे, हा त्याच्या तयारीतला मुख्य प्रश्न असतो, आणि अनुभवी गायक व नवखा गायक यांच्यातला फरक मला तरी आवाजापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरातच अधिक दिसतो.

समजावून घेण्यासाठी एकच भूमिका पुढे ठेवणे सोयीचे ठरेल. जुझेप्पे व्हेर्दी यांचा ‘ला त्राव्हियाता’ हा ऑपेरा ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसच्या ‘ला फेनिचे’ नाट्यगृहात प्रथम सादर झाला. त्यातील नायिका व्हिओलेता पॅरिसच्या श्रीमंत, विलासी वर्तुळात वावरणारी आणि क्षयाने आजारलेली स्त्री आहे. ती आल्फ्रेदो नावाच्या तरुणाच्या प्रेमात पडते, त्याच्या वडिलांनी कुळाच्या अब्रूचा प्रश्न पुढे केल्यावर त्याला सोडून जाते, आणि तो परत येतो तोवर तिची अखेर जवळ आलेली असते. या भूमिकेच्या तीन अंकांना तीन वेगळे आवाज लागतात, असे गायनाच्या वर्तुळात पूर्वापार म्हटले जाते. पहिल्या अंकाला झरझर ताना घेणारा हलका, चपळ आवाज हवा, दुसऱ्याला भरदार आणि नाट्यमय, आणि तिसऱ्याला असा की जो क्षीण भासेल, पण शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू येईल.

भूमिका स्वीकारायची की नाही, हा पहिला निर्णय. मोठी नाट्यगृहे बहुधा काही वर्षे आधीच करार करतात, त्यामुळे गायकाला आजच्या आवाजाबरोबरच तीन-चार वर्षांनंतरच्या आवाजाचाही अंदाज घ्यावा लागतो. सोप्रानो, मेझो-सोप्रानो (स्त्रियांचे उंच व मधले आवाज), टेनर, बॅरिटोन, बास (पुरुषांचे उंचापासून खालपर्यंतचे आवाज) ही ढोबळ विभागणी झाली. जर्मन नाट्यगृहांत याहून बारीक वर्गवारी रूढ असून तिला ‘फाख’ म्हणतात; हलका, भावमधुर, नाट्यमय, चपळ अशा आवाजाच्या जातींप्रमाणे भूमिका वाटल्या जातात आणि करारही पुष्कळदा त्याच भाषेत होतात. बाहेरच्या माणसाचे लक्ष नेहमी सर्वांत उंच स्वराकडे जाते. मोझार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’ या १७९१ सालच्या ऑपेरातील रात्रीच्या राणीचा सेकंदाला सुमारे १,४०० कंपनांचा ‘एफ’ प्रसिद्ध आहे, आणि तो ज्या गायिकेसाठी लिहिला गेला ती योझेफा होफर मोझार्टची मेहुणी होती, हेही सांगितले जाते. परंतु जाणकार गायक उंच स्वराच्या आधी ‘तेसितुरा’ पाहतो, म्हणजे ती भूमिका बहुतांश वेळ कोणत्या स्वरपट्ट्यात वावरते ते. एखादा उंच स्वर क्षणभर लावणे आणि त्याच्या खालच्या चार-पाच स्वरांत वीस मिनिटे राहणे, यांपैकी दुसरी गोष्ट अधिक थकवणारी असते. शिवाय रंगमंचावरचा एकूण वेळ असतो. रात्रीच्या राणीला मुख्यतः दोन आरिया, म्हणजे एकट्या पात्राची मोठी गाणी, गाऊन मोकळे होता येते. उलट रिखार्ड श्ट्राउस यांच्या १९०९ सालच्या ‘एलेक्ट्रा’तील नायिका एकदा रंगमंचावर आली की मध्यंतराविना जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच असते, आणि समोर शंभरावर वादक असतात.

भूमिका ठरली, की गायक आधी पियानोकडे जातो अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात चांगला गायक आधी पेन्सिल हातात घेतो. त्याच्यासमोर ‘व्होकल स्कोअर’ असते, म्हणजे सर्व गायकांच्या ओळी आणि त्यांच्या खाली पियानोपुरता संक्षेप केलेला वाद्यवृंदाचा भाग. स्वतःच्या ओळीला रंग लावणे, श्वासाच्या जागा खुणावणे, कोणत्या ओळीआधी किती मात्रा थांबायचे ते मोजून लिहिणे ही कामे यांत्रिक वाटतात, पण पुढच्या साऱ्या इमारतीचा हिशेब इथेच होतो. आवृत्ती कोणती, हेही आधी विचारून घ्यावे लागते. ‘ला त्राव्हियाता’त पहिल्या अंकातील मोठ्या आरियेचे दुसरे कडवे, आणि तिसऱ्या अंकातील निरोपाच्या आरियेचेही दुसरे कडवे, पुष्कळ प्रयोगांत गाळले जाते; काही कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचे संचालक, ते आग्रहाने ठेवतात. पहिल्या अंकाच्या शेवटी बहुतेक गायिका जो झळाळणारा उंच ‘ई फ्लॅट’ लावतात, तो व्हेर्दींनी लिहिलेलाच नाही. तो परंपरेने आला आहे. काही कंडक्टरांना तो चालत नाही आणि काही प्रेक्षकांना त्याच्याविना चैन पडत नाही. त्यामुळे शहाणी गायिका दोन्ही शेवट तयार ठेवते.

मग संहिता. इटालियन, जर्मन, फ्रेंच, रशियन, चेक अशा भाषांत गायकाला गावे लागते आणि त्या सर्व भाषा त्याला अस्खलित येत असतील असे नाही. तरीही प्रत्येक शब्दाचा अर्थ त्या शब्दाखालीच लिहिण्याची शिस्त पाळली जाते. वाक्याचा मथितार्थ कळणे पुरेसे मानले जात नाही, कारण कोणत्या शब्दावर जोर द्यायचा हे मथितार्थातून समजत नाही. स्वतःच्या ओळींबरोबर समोरच्या पात्राच्या ओळींचाही असाच अर्थ लावावा लागतो. रंगमंचावरचा बराच वेळ ऐकण्यातच जातो, आणि काय ऐकतो आहोत हे न कळणाऱ्या गायकाचा चेहरा लगेच उघडा पडतो. १९८३ साली टोरांटोत कॅनेडियन ऑपेरा कंपनीने ‘एलेक्ट्रा’च्या प्रयोगात रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवल्या आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. तेव्हापासून प्रेक्षकालाही प्रत्येक ओळीचा अर्थ त्या क्षणी ठाऊक असतो, म्हणून ही चोरी लपवणे आणखी अवघड झाले आहे.

उच्चारांसाठी स्वतंत्र शिक्षक असतात. इटालियनमध्ये जोडव्यंजनावर नेमके थांबावे लागते आणि शब्दातला ‘आ’, ‘ए’ असा स्वर शेवटपर्यंत एकाच आकारात ठेवावा लागतो. जर्मनमध्ये शब्दान्तीचे व्यंजन ठळक लागते. फ्रेंचमध्ये अनुनासिक स्वर आणि शब्दांची जोडणी सांभाळावी लागते. हे काम बोलून होते, गाऊन नव्हे. आधी ओळ साध्या बोलण्याच्या लयीत म्हणायची, मग संगीतात लिहिलेल्या लयीत, टाळीवर किंवा बोटाने मात्रा मोजत, पण स्वराविना म्हणायची. दुसऱ्या अंकात व्हिओलेता आल्फ्रेदोच्या वडिलांना ‘दिते अल्ला ज्योव्हिने’ अशा शब्दांनी सुरू होणारी ओळ गाते. त्यात पहिल्या शब्दाचा शेवटचा आणि दुसऱ्याचा पहिला स्वर एकाच संगीत-स्वरावर मिसळतात. हे मिसळणे बोलताना जिभेला वळणी पडले नसेल, तर गाताना तिथे हमखास खाच पडते.

लय आणि शब्द पक्के झाल्यावर सूर येतात, तेही आधी हळू आवाजात किंवा एक सप्तक खाली. यामागे एक व्यावहारिक कारण आहे. गळ्याचे स्नायू जे पहिल्यांदा करतात ते फार काळ लक्षात ठेवतात. अवघड जागा घाईने, ताणून, कशीबशी गाठली, तर तो ताणच त्या जागेचा भाग होऊन बसतो. मग स्वर येतो, पण प्रत्येक वेळी मान आखडून येतो, आणि ही सवय सोडवायला मूळ शिकण्यापेक्षा अधिक वेळ लागतो. याच कारणाने बहुतेक शिक्षक ध्वनिमुद्रिका लावून भूमिका शिकण्याच्या विरुद्ध असतात. ध्वनिमुद्रिकेतून सूर लवकर बसतात यात शंका नाही, पण त्यांच्याबरोबर दुसऱ्या गायिकेचे श्वास, तिच्या कंडक्टरची गती आणि तिच्या चुकाही बसतात. भूमिका पाठ झाल्यावर पाच-सहा ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून ऐकाव्यात. त्या वेळी त्यांचा खरा उपयोग होतो.

या टप्प्यावर जो माणूस प्रवेश करतो त्याचे नाव प्रयोगाच्या जाहिरातीत कधी येत नाही. तो म्हणजे कोच, ज्याला नाट्यगृहांत ‘रेपेतितर’ही म्हणतात. तो पियानोवर सगळा वाद्यवृंद वाजवतो, इतर पात्रांच्या ओळी आपल्या जेमतेम आवाजात गातो, चुकलेल्या मात्रा मोजतो, उच्चार सुधारतो आणि कंडक्टरला काय आवडते हेही कानात सांगतो. त्याचा सर्वांत मोठा उपयोग मात्र वेगळाच असतो. पियानोवर सर्व वाद्ये सारखीच वाजतात. प्रत्यक्षात गायिकेला सूर मिळतो तो एखाद्या क्लॅरिनेटकडून किंवा व्हायोलाच्या मधल्या ओळीतून. कोच आधीच सांगून ठेवतो, की इथे पियानोत जो मोठा आघात ऐकू येतो तो प्रत्यक्षात हलक्या तारवाद्यांचा असेल, त्यावर विसंबू नकोस. गायकाला याची गरज आणखी एका कारणाने असते. स्वतःचा आवाज त्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो स्वतःला जसा ऐकतो तसा नाट्यगृहात ऐकू येत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी कान उसना घेतल्याशिवाय त्याचे भागत नाही.

आता गळ्याचा प्रश्न. शंभर वाद्यांच्या वर एक आवाज कसा ऐकू येतो? उत्तर ताकदीत नाही, हे स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांच्या १९७०च्या दशकातील संशोधनाने स्पष्ट झाले. वाद्यवृंदाच्या ध्वनीची ऊर्जा सेकंदाला ५०० कंपनांच्या आसपास सर्वांत अधिक असते आणि तिथून वर ती झपाट्याने उतरते. कसलेले गायक, विशेषतः पुरुष गायक, स्वरयंत्र किंचित खाली ठेवून आणि घशाची पोकळी मोकळी ठेवून आपल्या आवाजात ३,००० कंपनांच्या आसपास ऊर्जेचा एक पुंजका तयार करतात. त्या पट्ट्यात वाद्यवृंद दुबळा असतो आणि माणसाचा कान तिथेच फार तीक्ष्ण असतो. म्हणजे गायक वाद्यवृंदाशी झुंजत नाही, तो रिकाम्या जागेतून वाट काढतो. स्त्रियांच्या उंच स्वरांचे गणित वेगळे असते. तिथे मूळ स्वरच इतका वर असतो की गायिका जबडा आणि ओठ अधिक उघडून मुखपोकळीचा अनुनाद त्या स्वराशी जुळवून घेते. याची किंमत शब्दांना मोजावी लागते. फार उंचावर ‘इ’, ‘ए’ आणि ‘आ’ यांतला भेद जवळजवळ पुसला जातो. हा गायिकेचा आळस नसून भौतिकशास्त्र आहे. म्हणून तयारी करताना ती ठरवून ठेवते, की या ओळीचा अर्थ खालच्या स्वरांत आणि व्यंजनांतच पोहोचवायचा आणि वरच्या स्वरावर शब्दाचा हट्ट धरायचा नाही.

श्वासाची आखणी याच वेळी होते. इटालियन पद्धतीत ‘अप्पोज्जो’ म्हणून जो प्रकार आहे, त्यात श्वास घेतल्यावर खालच्या बरगड्या लगेच मिटू न देता उघड्या धरायच्या आणि हवा मोजून सोडायची असते. परंतु तंत्र येत असले तरी भूमिकेगणिक श्वासाचा नकाशा नव्याने काढावा लागतो. कुठे श्वास घेतला तर वाक्य तुटेल, कुठे पाऊण श्वासच पुरेल, कुठे भरपूर वेळ असूनही जास्त हवा भरली तर छाती ताठ होईल, हे सगळे लिहून ठेवले जाते. आवाज छातीच्या सुरातून मधल्या सुरात आणि तिथून वरच्या सुरात जातो, त्या सांध्यांना ‘पासाज्जो’ म्हणतात. अनुभवी गायक स्वरलिपी पाहतानाच सांगू शकतो, की ही ओळ माझ्या सांध्यावर पाच वेळा ये-जा करते, म्हणून ही अवघड. श्रोत्याला ती ओळ साधी वाटते.

इतके झाल्यावर पूर्ण आवाजात गायला सुरुवात होते. आधी तुकडे, मग प्रवेश, मग अख्खा अंक, आणि शेवटी सलग सर्व अंक. सलग गाऊन पाहिल्याशिवाय खर्चाचा अंदाज येत नाही. व्हिओलेताच्या पहिल्या अंकाच्या शेवटी टाळ्यांचा कडकडाट होतो आणि तिथे सगळे उधळून टाकण्याचा मोह मोठा असतो. पण दुसऱ्या अंकात आल्फ्रेदोच्या वडिलांबरोबरचा लांबलचक प्रवेश आहे, आणि त्यानंतर लगेच ‘आमामि, आल्फ्रेदो’ हा आक्रोश आहे, जिथे वाद्यवृंदाची लाट खालून उसळते आणि तिच्यावर आवाज ठेवावा लागतो. भूमिका गळ्यात बसली असे गायिका म्हणते, तेव्हा तिला बहुधा हेच म्हणायचे असते, की कुठे किती खर्च करायचा हे शरीराला विचार न करता कळू लागले आहे.

पात्राचा अभ्यास वेगळ्या खोलीत चालत नाही, तो याच सगळ्यात मिसळलेला असतो. तरी त्याबद्दल स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, कारण ऑपेरात अभिनय म्हणजे हातवारे, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. रशियन बास-गायक फ्योदोर शाल्यापिन याने १८९८च्या उन्हाळ्यात, पंचविशीत, मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोदुनोव्ह’ या ऑपेरातील झार बोरिसच्या भूमिकेची तयारी केली तेव्हा संगीताच्या अभ्यासात त्याच्या सोबतीला संगीतकार सर्गेई राखमानिनोव्ह होता. शाल्यापिन स्वतःच्या ओळींवर थांबला नाही. त्याने स्त्री-पुरुष सर्व पात्रांचे भाग पाठ केले. त्या काळचे नामवंत इतिहासकार व्हासिली क्ल्युचेव्स्की यांना भेटून त्याने बोरिसच्या काळाविषयी विचारले, आणि क्ल्युचेव्स्कींनी धूर्त सरदार शुइस्कीची वागण्या-बोलण्याची रीत त्याच्यासमोर जवळजवळ वठवून दाखवली. इतर सर्वांच्या ओळी शिकण्यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या पात्राविषयी बाकीचे लोक पाठीमागे काय बोलतात, हे त्यातून कळते, आणि पात्राची निम्मी ओळख तिथेच असते.

व्हिओलेताच्या बाबतीत असा धागा संगीतातच सापडतो. पहिल्या अंकात पाहुणे निघून गेल्यावर ती एकटी उरते आणि ‘ए स्त्रानो’, म्हणजे ‘नवल आहे’, असे म्हणते. प्रेमाची पहिली चाहूल तिला चकित करते. तिसऱ्या अंकात मरणाच्या क्षणभर आधी तिच्या वेदना एकाएकी थांबतात आणि ती तेच दोन शब्द, जवळजवळ बोलल्यासारखे, पुन्हा उच्चारते, आणि मागे व्हायोलिनवर प्रेमाची तीच जुनी धून वाजत असते. हे दोन क्षण एकमेकांशी कसे जोडायचे, हे गायिकेला पहिल्या अंकाच्या तालमीतच ठरवावे लागते. पहिले ‘ए स्त्रानो’ तिने नुसते सुंदर गाऊन सोडून दिले, तर दुसऱ्याला टेकायला काही उरत नाही.

तिसऱ्या अंकातच एक छोटी जागा आहे, जी श्रोत्याला सोपी वाटते आणि तयारीत मात्र फार वेळ खाते. व्हिओलेता आल्फ्रेदोच्या वडिलांचे पत्र वाचते. हे वाचन गाण्यात नाही, बोलण्यात आहे, आणि त्या वेळी व्हायोलिन हलक्या स्वरात प्रेमाची धून वाजवत असतात. वाचन धुनेच्या लांबीत बसले पाहिजे. लवकर संपले तर पोकळी उरते, लांबले तर पुढचा स्वर बोलण्यावर येऊन आदळतो. बोलताना आवाज इतका खाली किंवा इतका जोरात गेला की गळ्याची बैठक बदलली, तर लगेच पुढे येणाऱ्या निरोपाच्या आरियेतील तरल, धीम्या ओळींना आधार मिळत नाही. म्हणून गायिका हे पत्र घरी पियानोवर धून ऐकत अनेकदा वाचते, कोणत्या शब्दाशी धुनेचे कोणते वळण येते ते पाहते, आणि वाचनाची उंचीही गाण्याच्या जवळपास ठेवते. श्रोत्याला मात्र ते थकलेल्या बाईचे साधे वाचन वाटले पाहिजे.

भावनेबद्दल एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. मघाशी उल्लेखलेल्या ‘दिते अल्ला ज्योव्हिने’ या ओळीला संहितेत ‘रडत’ अशी सूचना आहे. खरे रडू आले तर घसा दाटतो, स्वरयंत्र वर सरकते, श्वास हिसक्यांनी येतो, आणि ही ओळ तर अत्यंत हळू, अखंड, एका रेषेत गायची आहे. त्यामुळे रडणे आधी होऊन जावे लागते. बऱ्याच गायिका तालमीच्या सुरुवातीच्या दिवसांत त्या प्रवेशात खरोखर रडतात, गाणे मोडते, पुन्हा सुरू होते. असे होत होत भावना ओळखीची होते आणि गळ्याला वेठीला धरणे सोडते. मग रडणे उरते ते शब्दांआधीच्या विलंबात आणि आवाजाच्या पातळपणात. प्रयोगात गायिकेच्या डोळ्यांत पाणी नसले तरी बिघडत नाही.

नवी निर्मिती असेल तर साधारण चार ते सहा आठवडे एकत्र तालमी होतात, जुन्याच निर्मितीचे पुनःप्रयोग असतील तर त्याहून पुष्कळ कमी. तालमीच्या पहिल्या दिवशी गायकाला भूमिका तोंडपाठ असणे गृहीत धरलेले असते. दिग्दर्शकाच्या तालमी मोकळ्या खोलीत चालतात. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून भिंती, दारे, जिने दाखवलेले असतात, साथीला पियानो असतो, आणि एकच प्रवेश दिवसातून दहा वेळा होतो. इथे ‘मार्किंग’ची कला उपयोगी पडते. गायक पूर्ण आवाज न लावता, अर्ध्या आवाजात किंवा एक सप्तक खाली, पण लय, शब्द आणि श्वास पूर्ण ठेवून गातो. हे दिसते तितके सोपे नाही. श्वासाचा आधार सोडून नुसते पुटपुटले, तर गळ्याला पूर्ण गाण्यापेक्षा जास्त त्रास होतो. आणि सहकाऱ्याला आपल्या ओळीतून सूर मिळायचा असेल, तिथे मार्किंग करणे हा उद्धटपणा मानला जातो.

हालचाली ठरत जातात तसा श्वासाचा घरी काढलेला नकाशा पुन्हा तपासावा लागतो, कारण जिना चढून लगेच गायची ओळ आणि उभे राहून गायची ओळ एक नसते. तंग कमरपट्ट्याचा पोशाख असेल, तर बरगड्यांना किती जागा उरते हे शेवटच्या आठवड्यात कळून उपयोग नाही. म्हणून गायिका तालमीतच तसा पट्टा आणि प्रयोगातल्या उंचीचे बूट मागून घेते.

यानंतर सर्व गायक आणि वाद्यवृंद प्रथमच एकत्र येतात. त्या तालमीला ‘झित्सप्रोबे’ हे जर्मन नाव सर्वत्र रूढ आहे. तिच्यात अभिनय नसतो, सगळे बसून किंवा उभे राहून फक्त गातात. पियानोवर महिनोन्महिने ऐकलेले संगीत इथे एकदम वेगळे ऐकू येते, आणि कोचने सांगितलेल्या क्लॅरिनेटचा शोध सुरू होतो. पुढे रंगमंचावर गेल्यावर आणखी एक अडचण येते, ती अंतराची. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. गायिका वाद्यवृंदापासून २० मीटर आत उभी असेल, तर वाद्यांचा आवाज तिला जवळजवळ ०.०६ सेकंद उशिरा ऐकू येतो. त्या आवाजाबरोबर ती गायली, तर तिचा स्वर कंडक्टरपर्यंत पोहोचायला तितकाच वेळ आणखी लागतो. एकूण उशीर ०.१२ सेकंदांच्या घरात जातो. जलद गतीच्या तानेत एवढ्या वेळात एक अख्खा स्वर निघून गेलेला असतो. म्हणून गायकाला कानावर विश्वास न ठेवता कंडक्टरच्या काठीबरोबर गायला शिकावे लागते, आणि प्रियकराकडे पाहतो आहोत असे भासवत डोळ्याच्या कोपऱ्यातून ती काठी पाहावी लागते. विंगांमध्ये कंडक्टरची प्रतिमा दाखवणारे पडदे बसवलेले असतात ते याचसाठी. काही नाट्यगृहांत रंगमंचाच्या पुढच्या कडेला छोट्या पेटीसारख्या जागेत प्रॉम्प्टर बसतो आणि प्रत्येक ओळीचा पहिला शब्द किंचित आधी पुरवतो.

रंगीत तालीम झाल्यावर पहिल्या प्रयोगाआधी बहुधा विश्रांती ठेवली जाते. प्रयोगाच्या दिवसाचे प्रत्येकाचे नियम वेगळे असतात आणि त्यांत थोडी अंधश्रद्धाही मिसळलेली असते, पण समान भाग असा, की बोलणे कमी, पाणी पुरेसे, जड जेवण गाण्याच्या कितीतरी तास आधी. कुजबुजत बोलणे गळ्याला आराम देते ही समजूत चुकीची आहे. ताणून कुजबुजण्याने गळा उलट शिणतो, तेव्हा सरळ गप्प बसणे बरे. गळा तापवण्यासाठी ओठ फुरफुरवत किंवा बारीक नळीतून फुंकत सूर घेण्याचे व्यायाम केले जातात; तोंड अर्धवट बंद असल्याने हवेचा उलटा दाब स्वरतंतूंना आधार देतो आणि ते कमी आघाताने कंपू लागतात. भूमिकेतल्या अवघड जागा खोलीत पुन्हा पुन्हा गाऊन पाहण्याचा मोह मात्र आवरावा लागतो.

गायक ऐनवेळी आजारी पडला तर दुसरा तयार असावा म्हणून मोठी नाट्यगृहे ‘कव्हर’ नेमतात. तो सर्व तालमी पाहतो, सर्व हालचाली टिपतो, आणि कित्येकदा एकही प्रयोग न करता हंगाम संपवतो. कधी कव्हरही नसतो आणि दुसऱ्या शहरातून गायक बोलावला जातो. मग त्याला नेपथ्य ओळखायला आणि कंडक्टरच्या गती समजून घ्यायला काही तासच मिळतात. अशा वेळी ज्याची भूमिका थरांथरांनी, सावकाश तयार झालेली असते तोच तरतो, कारण हालचाली बदलल्या तरी शब्द, लय आणि श्वास हलत नाहीत. गायिका मारिया कॅलासची एक गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसच्या त्याच ‘ला फेनिचे’त ती वाग्नरच्या ‘द व्हॅल्किरी’तील ब्रुनहिल्डे ही जड, नाट्यमय भूमिका करत होती. दुसऱ्या एका ऑपेराची ठरलेली गायिका मार्गेरिता कारोसिओ आजारी पडल्यावर कंडक्टर तुल्लिओ सेराफिन यांच्या आग्रहाने तिने बेल्लिनीच्या ‘इ पुरितानी’तील एल्व्हिरा ही ताना-मुरक्यांची अगदी उलट जातीची भूमिका काही दिवसांत शिकून त्याच आठवड्यात गायली. ती घटना खरी आणि थक्क करणारी आहे. परंतु तिचा दाखला विद्यार्थ्यांना द्यावा असे मला वाटत नाही. कॅलासच्या मागे लहान वयापासूनचे ताना-मुरक्यांचे शिक्षण होते, आणि सेराफिनसारखा जाणकार तिच्या गळ्याची नस ओळखून होता. त्याविना तोच प्रयोग करणाऱ्याचा गळा हंगामभर बसण्याचीच शक्यता अधिक.

पहिला प्रयोग झाला तरी भूमिका पुरी झालेली नसते. पाच-सात प्रयोगांनंतर गायिका खर्च कमी करू लागते; कुठे जास्त जोर लावत होते हे तिला प्रेक्षकांसमोरच उमगते, खोलीत नाही. काही वर्षांनी तीच भूमिका पुन्हा आली, की ती जुनीच ‘व्होकल स्कोअर’ उघडते. श्वासाच्या काही खुणा खोडून पुढे सरकवते, कारण आवाज भरीव झालेला असतो आणि ताना पूर्वीइतक्या हलक्या राहिलेल्या नसतात. काही भूमिका या टप्प्यावर सोडून द्याव्या लागतात, काही नव्याने शक्य होतात. गायक प्लासिदो दोमिंगो यांनी व्हेर्दींच्याच ‘सिमोन बोकानेग्रा’त आधी टेनरची भूमिका केली होती आणि २००९ साली बर्लिनमध्ये त्याच ऑपेरातील बॅरिटोनची, म्हणजे शीर्षक-भूमिका, गायली.

मोठ्या भूमिकेच्या दोन प्रयोगांमध्ये साधारणपणे दोन-तीन दिवसांचे अंतर ठेवतात, ते गळ्याला उसंत मिळावी म्हणून. हे मधले दिवस गायकाला मोकळे नसतात. पुढच्या हंगामातल्या भूमिकेची स्वरलिपी तोवर घरी आलेली असते, आणि त्या दिवसांत तो तिच्यातल्या शब्दांखाली अर्थ लिहितो, मात्रा मोजतो, ओळी लयीत बोलून पाहतो. सूर लावायचे काम चालू प्रयोग संपेपर्यंत तसेच बाजूला ठेवले जाते.